तुम्ही विचारलंत म्हणून: तो ठेका चोरलेला आहे का?

‘जस्ट लाइक हनी’ची सुरुवात सरळसरळ ‘बी माय बेबी’ची आहे, मग तुला ते गाणं एवढं का आवडतं? दर कार्यक्रमानंतर कुणीतरी हे विचारतंच. हो, तिचीच आहे. धूम, ध-धूम, आणि स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, फक्त चौथ्या मात्रेवर. 1963 साली लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत ड्रमर हॅल ब्लेननं रोनेट्स या गायिकांच्या गटाच्या ‘बी माय बेबी’साठी वाजवलेला ठेका 1985मध्ये स्कॉटलंडच्या जिम आणि विल्यम रीड या भावांनी, म्हणजे ‘द जीझस अँड मेरी चेन’ बँडनं, ‘जस्ट लाइक हनी’साठी उचलला. लपवला नाही. गाणं त्यानंच सुरू होतं.

चिडतो मी, कारण हा प्रश्न पहिल्यांदा मीच विचारला होता.

पुण्यात आम्ही मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत सराव करायचो. एका रविवारी आमच्या ड्रमरनं स्वतःचं गाणं आणलं. हाच ठेका वाजवून सुरुवात केली. चार आवर्तनंही झाली नसतील, मी बास खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, “ही चोरी आहे. स्वतःचं सुचत नसेल तर वाजवू नकोस.”

“अरे, पुढचं तर ऐक.”

नाही ऐकलं. त्यानं ड्रम सोडवले. सामान खाली न्यायला त्याला चार खेपा लागल्या. आम्ही तिघं बसून होतो, कुणी हात लावला नाही. जिन्यात सिंबल भिंतीला घासल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. पुढच्या रविवारी तो आला नाही.

तेव्हाच्या माझ्याशी मी आजही भांडतो. किर्लोस्करांच्या नाटकांत पदावर कुठल्या गाण्याची ‘चाल’ ते छापलेलं असायचं, ती चोरी होती का? तेव्हाचा मी म्हणतो, तिथं निदान छापलं होतं. यावर मी गप्प होतो. मग म्हणतो, नीट ऐक: रोनेट्सच्या ठेक्यामागून वाद्यांचा लोंढा येतो आणि त्यांची मुख्य गायिका रॉनी मोकळ्या गळ्यानं प्रेम मागते. रीडांकडे त्याच ठेक्यावर खरखरणारी गिटार येते, आणि जिम जेमतेम ऐकू येईल असं गातो. मागणं तेच असेल, पण धीर नाही. मला तो न झालेला धीर आवडतो. एवढ्यानं चोरीचा प्रश्न मिटतो असं मात्र मी म्हणणार नाही.

गेल्या वर्षी त्या ड्रमरला फोन केला. त्याच्या त्या गाण्यात पुढे काय होतं, विचारलं.

“विसरलो रे,” म्हणाला.

मला ते खरं वाटत नाही.