नववीच्या वर्गातले ‘भीमायन’

सांस्कृतिक ओळख आणि सहिष्णुता हे विषय शाळेत बहुधा भाषणे आणि निबंध यांतच अडकून राहतात. काय लिहिले की गुण मिळतात हे मुलांना पक्के ठाऊक असते आणि तेवढेच ती लिहितात. म्हणून नववीच्या वर्गात मी ‘भीमायन’ ही चित्रकादंबरी वाचायला घेते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातले प्रसंग सांगणारे हे पुस्तक २०११ साली प्रसिद्ध झाले. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, तर चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी कलावंतांची आहेत. घराच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढल्या जाणाऱ्या ‘दिग्ना’ नक्षीने त्यांनी पाने विभागली आहेत, त्यामुळे चौकटींची नेहमीची रांग इथे नाही.

मुलांचे लक्ष सर्वांत आधी जाते ते संवादांच्या फुग्यांकडे. सौम्य बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा असतो, तर ज्याचे शब्द डसतात त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. एवढे कळले की मी त्यांना १९०१ सालचा मसूर स्टेशनावरचा प्रसंग बाबासाहेबांच्या आठवणींतून मराठीत सांगते. वडिलांना भेटायला निघालेला लहानगा भीमराव आणि त्याच्यासोबतची नीटनेटक्या कपड्यांतली मुले स्टेशनावर ताटकळत बसली आहेत, स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो आणि ती महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटून तो मागे सरतो; पण काही वेळाने परत येऊन दुप्पट भाड्यात बैलगाडी ठरवून देणाराही तोच असतो. आता याचा फुगा कोणता काढायचा? वर्गात खरा वाद होतो तो इथे, कारण शिवी कोणीच दिलेली नसते आणि मदत तर झालेली असते. एका मुलाने फुगा साधाच ठेवला आणि मास्तर व मुले यांच्यामधली कोरी जागा मात्र पानभर वाढवली. त्या पानावर आम्ही उरलेला तास बोललो.

या चर्चेत कोणत्याही मुलाला स्वतःची जात किंवा घरचा अनुभव सांगायला लावू नये, असे माझे ठाम मत आहे. वर्गातल्या एखाद्या मुलाला उदाहरण म्हणून उभे करणे हाही अन्यायच आहे. त्याऐवजी मी पुस्तकातला एक प्रसंग आपापल्या घरच्या रेषेत काढून आणायला सांगते. व्याम दांपत्याने बाबासाहेबांची कथा आपल्या गोंड रेषेत आणली, तशीच मुले ती रांगोळीच्या ठिपक्यांत, गोधडीच्या टाक्यांत, मेंदीच्या वेलबुट्टीत आणतात आणि मग एकमेकांच्या घरची नक्षी समजून घेण्यासाठी आपणहून प्रश्न विचारतात.

मूळ पुस्तक इंग्रजीत असल्यामुळे मराठी माध्यमात शिक्षकाला शेजारी बसून सांगावे लागते, आणि त्यासाठी दोन तासिका अगदीच अपुऱ्या पडतात. निदान चार तरी हव्यात, आणि दोघांत एक प्रत हवी.