दोन अमावास्या गेल्या, तिसरी मिळाली

२ मार्च २०२३ ला माझं दुर्बिणीच्या सामानाचं पार्सल भारतात उतरलं आणि १६ मे ला माझ्या हातात पडलं. पंचाहत्तर दिवस. तेवढ्यात फाल्गुनाची अमावास्या गेली, चैत्राची गेली. दोन्ही रात्री आकाश स्वच्छ होतं आणि मी पुण्यात गच्चीवर नुसता चरफडत उभा होतो.

आकाशाचे फोटो काढायच्या या छंदात नव्या असलेल्यांना दोन अमावास्यांचं एवढं काय, असं वाटेल. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत रात्री आपली नजर आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर, जवळजवळ काटकोनात बाहेर जाते. मध्ये धूळ कमी, आपलेच तारे कमी. म्हणून सिंह, कन्या, अरुंधती केश, सप्तर्षी या पट्ट्यात दीर्घिकाच दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे दूरचे प्रचंड समूह, सापडतात. पुढे जून लागला की आपल्याकडे सगळं झाकून ठेवायचं. म्हणजे वर्षाकाठी जेमतेम चार अमावास्या, आणि त्यांतल्या दोन माझ्या एका खोक्यापायी गेल्या.

खोक्यात होतं एक माउंट, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणारी बैठक, आणि एक गाइड स्कोप. माझी ८० मिमीची दुर्बीण जुनीच, नाभीय अंतर ४८० मिमी. पृथ्वी फिरते म्हणून तारे सेकंदाला जास्तीत जास्त १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतात, आणि माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल दोन विकलांहूनही कमी आकाश बघतो. दीर्घिकेसाठी शटर तीन तीन मिनिटं उघडं ठेवायचं, तर माउंटने आकाशाबरोबर अचूक फिरायला हवं. पण त्याच्या दातेचक्रांतही थोडी चूक असतेच. म्हणून दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण बसवतात. ती एकाच ताऱ्यावर नजर ठेवते आणि तारा जरा ढळला की लॅपटॉप माउंटला सावरतो. हाच गाइड स्कोप. माझा ३० मिमीचा, तळहातावर मावेल एवढा.

नेमका तोच कस्टममध्ये अडकला. विकणाऱ्याने बिलावर लिहिलं होतं 'स्कोप, माउंटिंग रिंगसह'. एवढंच. खोकं उघडल्यावर काळी नळी, दोन कडी आणि खाली पट्टीवर सरकवून बसवायचा पाया असं दिसलं, आणि कस्टमचा शेरा पडला: बंदुकीवर लावायची दुर्बीण असण्याची शक्यता, खुलासा द्यावा.

शंका आली याचा मला राग नाही. ती वस्तू खरोखर तशी दिसते. राग आहे तो कुरिअर कंपनीच्या क्लिअरन्स विभागाचा. त्यांनी आधार, पॅन, बिल, पैसे भरल्याचा पुरावा मागितला, मी त्याच दिवशी पाठवला. मग वापर कशासाठी त्याचं पत्र मागितलं, तेही दिलं. नंतर माहितीपत्रक. दर वेळी उत्तर येई, 'आपली विनंती नोंदवली आहे'. आठवडा गेला की तक्रार आपोआप बंद, नवा क्रमांक, आणि नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगायचं: मी शिकारी नाही, मला दीर्घिकांचे फोटो काढायचे आहेत. ड्युटी भरायला मी पहिल्या दिवसापासून तयार होतो, पण भरायची किती हे कोणी सांगेना. एप्रिलच्या शेवटी फोनवरच्या मुलीने मला विचारलं, "सर, वस्तू परत पाठवू का?" तेव्हा मात्र मी रजा टाकली आणि स्वतः कस्टमच्या कार्यालयात गेलो.

जाताना एका पानावर मुद्दे लिहून नेले, कारण रागात माणूस नको ते बोलतो. आयातीच्या वर्गवारीत दुर्बिणी, खगोलीय उपकरणं आणि त्यांचे माउंट ९००५ मध्ये येतात. शस्त्रांवर बसवायच्या दुर्बिणी ९०१३ मध्ये. बंदुकीच्या दुर्बिणीत निशाणाची फुली असते आणि डोळा काचेपासून तीनेक इंच लांब ठेवता येतो, नाहीतर झटक्याने डोळा फुटेल. गाइड स्कोपमध्ये डोळा लावायचं भिंगच नाही, तिथे कॅमेरा बसतो.

तपासणी अधिकाऱ्यांनी पान नीट वाचलं आणि म्हणाले, "हे आधी का नाही दिलंत?" यातलं बहुतेक सगळं मी सहा वेळा पाठवलं होतं. त्यांच्यापर्यंत एकही कागद पोचला नव्हता.

मग मी त्यांच्या परवानगीने ती नळी खिडकीकडे धरली आणि मागे कोरा कागद धरून पुढेमागे केला. कागदावर समोरची इमारत उमटली, रंगांसकट, पण उलटी. "साहेब, निशाण साधणाऱ्याला चित्र सुलट लागतं. ताऱ्याला वर-खाली काही नसतं," मी म्हणालो. त्यांनी कागद स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा एकदा करून पाहिलं. शेरा बदलला. त्यानंतरही कुरिअरच्या कागदपत्रांत दोन आठवडे गेलेच.

म्हणून मागवताना विकणाऱ्याकडून बिलावर पूर्ण वाक्य लिहून घ्या: खगोल छायाचित्रणाची मार्गदर्शक दुर्बीण, ९००५. 'स्कोप' हा शब्द एकटा सोडू नका. आणि शक्य असेल तर माउंट आणि गाइड स्कोप वेगळे मागवा, एकापायी दुसरं अडकत नाही.

१९ मे, वैशाख अमावास्या, शुक्रवार. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या बाजूला मामांचं शेत आहे, तिथे गेलो. मामांनी शेजारच्या घरी जाऊन अंगणातला हॅलोजन बंद करवला. मामी म्हणाली, "अरे, चप्पल नको, बूट घाल, घोणस असते." हे कोणत्याही पुस्तकातल्या सल्ल्याइतकंच महत्त्वाचं आहे. माउंटचा अक्ष ध्रुव ताऱ्याकडे लावावा लागतो, आणि आपल्या अक्षांशावर तो क्षितिजापासून जेमतेम १९-२० अंश वर असतो, त्यामुळे उत्तरेला एखादं झाड आलं की संपलं. माझ्यापुढे आंबा आला. सगळं उचलून बांधापलीकडे नेलं, अक्ष ध्रुवाकडे लावेपर्यंत अकरा वाजले आणि घाटाकडून ढग आले. ती रात्र गेली.

शनिवारी सकाळी रेंज मिळावी म्हणून टेकाडावर चढलो तर फोन भरून वाहत होता. जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना एम १०१ दीर्घिकेत अतिनवतारा, म्हणजे स्फोट होऊन उजळलेला तारा, दिसला होता. शोधाची वेळ आपल्याकडची शुक्रवार रात्रीचे अकरा, म्हणजे मी ढगांकडे बघत होतो तीच. माझा बेत एम ५१ या दुसऱ्या दीर्घिकेचा होता, तो तिथेच सोडला.

एम १०१ सापडायला सोपी: सप्तर्षींच्या शेपटीतले वसिष्ठ आणि मरीची घ्या आणि ध्रुवाच्या उलट नव्हे तर त्याच्याच अंगाला साधारण समभुज त्रिकोण पुरा करा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात ती पावणेअकराच्या सुमारास सर्वांत उंच येते. शनिवारी रात्री पहिली तीन मिनिटं संपली, कॅमेऱ्याच्या पडद्यावर भुजा अगदी फिकट आल्या होत्या. फोनमधल्या जुन्या फोटोशी ताडून पाहिलं. एनजीसी ५४६१ या तेजोमेघाशेजारी एक ठसठशीत ठिपका, जुन्या फोटोत नसलेला. २ कोटी १० लाख प्रकाशवर्षांवरचा एक फुटलेला तारा, आणि तो माझ्या मामांच्या बांधावर पोचला होता. मी मामांना हाक मारून उठवलं.

अडतीस फ्रेम मिळाल्या. सात काढून टाकाव्या लागल्या, वाऱ्याने आणि काजवे बघायला आलेल्या गाड्यांच्या दिव्यांनी. डार्क फ्रेम, म्हणजे सेन्सरचा स्वतःचा गोंगाट वजा करायला लागणारे काळे फोटो, तिथेच, त्याच वेळी, झाकण लावून घ्या. मेच्या उकाड्यात सेन्सर तापतो आणि घरी येऊन पंख्याखाली घेतलेल्या डार्क जुळत नाहीत. बाकी स्टॅकिंग, म्हणजे सगळ्या फ्रेम एकावर एक रचणं, डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरने तासाभरात करून दिलं.

मित्र म्हणतात, पार्सल उशिरा आलं म्हणून तुला तो तारा मिळाला. हे मला पटत नाही. पार्सल वेळेत आलं असतं तर फाल्गुनातच मी एम १०१ टिपली असती आणि मेमध्ये पुन्हा गेलोच असतो. मग त्याच दुर्बिणीतून, त्याच शेतातून काढलेला तारा फुटण्याआधीचा फोटोही माझ्याकडे असता. ताडून पाहायला मला दुसऱ्याचा फोटो उघडावा लागला नसता.