तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांच्या डोक्यातलं मशीन

बाबांच्या शर्टाखाली डाव्या कॉलरबोनच्या खाली काड्यापेटीएवढा उंचवटा आहे, तो एकदा दिसला की माणसं बघत राहतात आणि मग थोड्या वेळाने मला बाजूला घेऊन विचारतात. लग्नात विचारलंय, सोसायटीच्या गच्चीवर विचारलंय, बँकेच्या रांगेत विचारलंय. "अगं, डोक्यात चिप बसवलीय म्हणे त्यांच्या, मग आता विचार कोण करतं, ते की मशीन?" जानेवारी २०२४ मध्ये इलॉन मस्कच्या न्यूरालिंक कंपनीने पहिल्या माणसाच्या मेंदूत चिप बसवल्याची बातमी आली तेव्हापासून तर महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. रांगेत उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

आधी आजाराचं सांगते. बाबांना पार्किन्सन्स आहे, आपल्याकडे कंपवात म्हणतात तो. मेंदूच्या तळाशी डोपामिन बनवणाऱ्या पेशी असतात, त्या हळूहळू मरत जातात, आणि हात थरथरताना आपल्याला दिसतो तोपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. बाबा पोस्टात होते, अक्षर असं की लोक मनीऑर्डरचा फॉर्म मुद्दाम त्यांच्याकडून भरून घ्यायचे. २०११ च्या सुमारास त्यांच्या हिशेबाच्या वहीतलं अक्षर बारीक व्हायला लागलं, ओळीच्या सुरुवातीला ठीक आणि शेवटाकडे मुंगीएवढं, आम्हाला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. मग डोपामिनची कमतरता भरून काढणारी सिंडोपा ही गोळी सुरू झाली, काही वर्षं छान गेली, आणि मग गोळीचं घड्याळ सुरू झालं. गोळी चढली की ऑन, उतरली की ऑफ. ऑफ झाले की बाथरूमच्या दारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे उभे, आणि ऑनमध्ये खांदे-मान नको तितके हलायचे. दिवसाला सहा वेळा गोळी, मधला धड वेळ कमी कमी होत गेला.

२०१९ मध्ये ऑपरेशन केलं, मेंदूत खोलवर तार ठेवून करंट द्यायचं, डीप ब्रेन स्टिम्युलेशन, सगळे डीबीएस म्हणतात. मशीनसकट साधारण अकरा लाख लागले, आईच्या पाटल्या त्यात गेल्या आणि तिने त्याबद्दल एकदाही काही म्हटलं नाही. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून गोळ्या बंद करतात, म्हणजे थरथर पूर्ण जोरात असायला हवी, आणि पेशंटला जागं ठेवतात. डोक्याला धातूची फ्रेम स्क्रूने बसवलेली, कवटीला दोन भोकं. मेंदूला स्वतःला दुखत नाही म्हणून हे जमतं. नंतर डॉक्टरांनी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. बाबांचा उजवा हात पांढऱ्या चादरीवर फडफडतोय, कुणीतरी म्हणतं, "काका, मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा," आणि करंट वाढवल्यावर हात मंदावत मंदावत चादरीवर शांत पडून राहतो. बाबा स्वतःच्या हाताकडे बघतात आणि म्हणतात, "थांबला की." मी तो व्हिडिओ किती वेळा बघितलाय ते सांगता येणार नाही.

हे सापडलं कसं तेही ऐकण्यासारखं आहे. पूर्वी थरथर थांबवायला मेंदूतला एक छोटा भाग जाळून टाकायचे, आणि जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना हे बघायला हलका करंट देऊन बघायचे. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात आलीम-लुई बेनाबिद या सर्जनच्या लक्षात आलं की सेकंदाला शंभरच्या आसपास झटके दिले तर थरथर तिथल्या तिथे थांबते आणि करंट बंद केला की परत येते. म्हणजे जाळायची गरजच नाही, तार तिथेच ठेवून द्यायची. तेव्हापासून जगात दीड लाखाहून जास्त लोकांच्या मेंदूत अशा तारा बसल्यात. गंमत म्हणजे करंट तिथे नक्की काय करतो यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. आधी वाटायचं तो पेशींना गप्प करतो, आता बरेच जण म्हणतात की आजारामुळे तिथे जो एकच एक ताल अडकून बसलेला असतो तो करंटमुळे मोडतो.

आता तुमचा प्रश्न. बाबांच्या डोक्यात चिप नाहीये. दोन बारीक तारा आहेत, शेवयांएवढ्या जाड, प्रत्येकीच्या टोकाला चार संपर्कबिंदू, त्या कानामागून कातडीखालून छातीतल्या बॅटरीला जोडलेल्या. बाबांचं मशीन फक्त करंट देतं, सेकंदाला १३० झटके, ऐकत काहीच नाही. न्यूरालिंकचं बरोबर उलटं आहे, ते ऐकतं. त्यात १०२४ इलेक्ट्रोड आहेत, हात हलवायचा विचार केला की पेशी विजेचे जे संकेत सोडतात ते पकडून ते स्क्रीनवरचा बाण हलवतं. दोन्ही एकाच मशीनमध्ये करणारी डीबीएस पण आली आहे, मेंदूतला ताल ऐकून करंट स्वतःच कमीजास्त करणारी, अमेरिकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये तिला पार्किन्सन्ससाठी परवानगी मिळाली. बाबांचं मशीन जुनं आहे.

मग विचार कोण करतं? बाबाच करतात. पण "मशीनचा मनाशी काही संबंध नाही" असं मी कुणाला सांगणार नाही, कारण ते खरं नाही.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत बाबा रात्री दोन वाजता उठून कपाटं आवरायला लागले. वहीत अक्षर परत मोठं झालं होतं, चालणं सुधारलं होतं, आम्ही खूश होतो, आणि हे एकीकडे चालू. माळ्यावरचे डबे काढायचे, पुसायचे, परत ठेवायचे, परत काढायचे. फार बोलायचे, मधेच हसायचे, कुणालाही पैसे देऊन टाकायचे. आई एका रात्री माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "हे माझे नव्हेत गं." फॉलो-अपला सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. तार जिथे जाते तो भाग तुरीच्या दाण्याएवढा आहे, आणि त्या दाण्याचा एक कोपरा हालचालीचा, एक विचारांचा, एक भावनांचा. करंट सर्वात खालच्या बिंदूतून जात होता, तो भावनांच्या कोपऱ्यात सांडत होता. त्यांनी लॅपटॉपवरून वरच्या बिंदूवर घेतला. दीड-दोन मिलिमीटर. चार दिवसांत कपाटं बंद झाली, आठवड्याने आई म्हणाली, "आले परत."

म्हणून मशीन मनातले विचार वाचेल का, या भीतीपेक्षा मला दुसरे प्रश्न जास्त मोठे वाटतात. वाचण्याचंही काही खोटं नाही म्हणा. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या डॉक्टरांनी एएलएसने, म्हणजे स्नायूंवरचा ताबा हळूहळू घालवणाऱ्या आजाराने, बोलणं गेलेल्या माणसाचे शब्द मेंदूतून ९७ टक्के अचूक पकडून त्याच्याच जुन्या आवाजात ऐकवले, आणि २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी मनातल्या मनात म्हटलेले शब्दही काही प्रमाणात पकडले, इतके की नको ते ऐकलं जाऊ नये म्हणून मनात म्हणायचा पासवर्ड ठेवून बघितला. चिलीने तर २०२१ मध्येच मेंदूच्या माहितीला राज्यघटनेत संरक्षण दिलं, आणि ते योग्यच केलं.

पण सेटिंग कोण ठरवणार? बॅटरी संपली आणि कंपनीच राहिली नाही तर काय? सेकंड साइट नावाच्या अमेरिकन कंपनीने साडेतीनशेच्या वर अंध लोकांच्या डोळ्यांत इम्प्लांट बसवले आणि मग ते बनवणंच बंद केलं, लोकांच्या डोळ्यांत ते तसंच राहिलं, दुरुस्तीला कुणी नाही. हे वाचलं त्या रात्री मी बाबांच्या छातीवरचा उंचवटा बघत बसले होते. मशीन ज्याच्या अंगात आहे त्याच्या हयातीपर्यंत सांभाळायची जबाबदारी बनवणाऱ्यावर कायद्याने हवी असं माझं ठाम मत आहे.

आणि सेटिंगचं. गेल्या वर्षापासून असं झालंय की चालायला चांगला करंट ठेवला तर बाबांचे शब्द एकमेकांत मिसळतात, आवाज घशात राहतो. कमी केला तर बोलणं स्पष्ट, पण हात सुटतो. डॉक्टरांनी विचारलं काय ठेवू, मी काही बोलणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "दोन्ही द्या, मी बघतो." आता रिमोटमध्ये दोन प्रोग्राम आहेत. दिवसभर ए.

संध्याकाळी सात वाजता नाशिकहून आत्याचा फोन येतो. तिला कमी ऐकू येतं, पुटपुटलेलं तर अजिबात कळत नाही. पावणेसातला बाबा रिमोट छातीजवळ धरून बी लावतात, मिनिटभरात उजवा हात उडायला लागतो, ते तो मांडीखाली दाबून बसतात. फोन मी त्यांच्या कानाला धरते. "बोल गं ताई," म्हणतात, अगदी पोस्टाच्या खिडकीतून यायचा तसा खणखणीत.