रस्त्यापासूनचं अंतर

नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा खरं तर खूशच झालो होतो. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगररांगेतल्या लाल खोकडाला मानवणारी जागा, आमच्या नोंदींवरून शिकणाऱ्या संगणकी मॉडेलने गडद लाल दाखवली होती, आणि सोनोरा खिंडीपाशी रंग छान भरला होता. (कोल्हा म्हणजे जॅकल, फॉक्स म्हणजे खोकड. घरी मात्र मी ‘कोल्हा’च सांगतो, नाहीतर अर्धा फोन त्यातच जातो.) मग झूम केलं. लाल पट्टा महामार्ग 108 च्या वळणांबरोबर वळत होता.

खोकडाला डांबर कशाला आवडेल? आम्ही कॅमेरे लावतो ते गाडी उभी करून तास-दोन तासांत पोचता येईल अशा जागी. नोंदी तिथल्याच. मॉडेल बिचारं आमच्या सवयी शिकून बसलं होतं.

एरवी हसून सोडून दिलं असतं. पण हा प्राणी सिएरातून गेलाच असं वाटत असताना ऑगस्ट 2010 मध्ये या खिंडीजवळच्या कॅमेऱ्यात सापडला, आणि आमिषाच्या पिशवीला लागलेल्या लाळेतल्या डीएनएवरून खात्री पटली. 2021 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्याला संकटग्रस्त ठरवलं तेव्हाचा अंदाज होता 18 ते 39 खोकडांचा. एवढ्याशा संख्येत चुकीच्या उतारावर घालवलेला उन्हाळा परवडत नाही.

दुरुस्ती तशी साधी. खोकडाच्या नोंदी ज्यांच्याशी ताडून बघायच्या ते तुलनेचे बिंदू अख्ख्या डोंगररांगेतून उचलण्याऐवजी जिथे मार्टेन (झाडांवर चढणारा छोटा शिकारी प्राणी) किंवा कायोटी (लांडग्याचा छोटा भाऊबंद) टिपले गेले त्या ठिकाणांचे घेतले, कारण तिथेही माणसं तशीच पोचलेली असतात. रस्ता फिका पडला. उंची, उशिरापर्यंत टिकणारा बर्फ, विरळ व्हाइटबार्क पाइन हे घटक वर आले. जाड बर्फात कायोटीचे पाय रुततात. हलक्या, केसाळ तळव्यांच्या खोकडाला तिथे त्याचा जाच कमी, म्हणजे कारणही पटणारं. आणि आधी फिका असलेला एक उत्तराभिमुख खोलगट उतार लालभडक झाला. तिकडे पायवाटही नव्हती.

जूनमध्ये सहकाऱ्याबरोबर निघालो. सुट्या दगडांवरून चार तासांची चढण. बर्फाच्या कडेला एका सपाट दगडावर विष्ठा दिसली: टोकाला पीळ, आत उंदरासारखे राखाडी केस आणि पाइनच्या बियांची टरफलं. मी गुडघ्यांवर बसून पाचेक मिनिटं नुसता बघत राहिलो. हातमोजे घालून कागदी पाकिटात भरली, जागेची नोंद केली, वर कॅमेरा बांधला. उतरताना पाय दुखत होते, तरी बडबड माझीच चालू होती.

गाडीपाशी आलो तर सहकारी म्हणाला, “अरे, इथेही आहे बघ.” रस्त्याच्या कडेला, आमच्याच मागच्या चाकाजवळ. वाळलेली, बिनरुबाबाची. “घे रे, पाकीट उरलंय,” म्हणून त्यानेच उचलली. मला तर पाण्याची बाटली शोधायची होती.

सात आठवड्यांनी प्रयोगशाळेचा निकाल आला. वरची कायोटीची. चाकाजवळची लाल खोकडाची, तीही मूळच्या पहाडी वंशाची.

तक्त्यात नवी ओळ टाकली. ‘रस्त्यापासूनचं अंतर’ या रकान्यात लिहिलं: 4 मीटर. सहकारी मागे उभा राहून बघत होता. काही बोलला नाही, नुसता खोकला.