आमची वाटचाल : गिरणीतला ‘कॅसिनो’

महाराष्ट्रात कॅसिनोसाठी १९७६ साली कायदा झाला. तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. साताऱ्यात आमच्या पेठेत मात्र १९९४ पासून दहा वर्षं ‘कॅसिनो’ चालला, तोही पिठाच्या गिरणीत! नाव समोरच्या काकूंनी ठेवलेलं. दळण आणायला गेलेला मुलगा तासाभराने नुसता डबा हलवत आला की त्या दारातूनच विचारायच्या, “आलात का कॅसिनोतून?”

गिरणी बाबांची. पुढच्या पडवीत दादाने आणि मी व्हिडिओ गेमची तीन मशिनं मांडली, मुंबईहून आणलेली, सेकंडहँड. रुपयाला एक चान्स. जुगार नव्हताच, जिंकलात तर पडद्यावर नाव. एकदा एक एजंट फळांची चित्रं जुळली की पैसे देणारं मशीन ठेवून गेला, निम्म्या वाट्याने. दादा पाघळला होता. पाचव्या दिवशी बाबांनी त्यावर ज्वारीची पोती रचली आणि विषय संपला.

सगळी गर्दी कॅपकॉमच्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’वर. ते नाव कुणी कधी घेतलं नाही; त्यातल्या एका गड्यावरून सगळे ‘मुस्तफा’च म्हणायचे. पोरं बिलंदर. घरातला गॅस लायटर आणून नाण्याच्या फटीशी टिकटिकवला की फुकटात क्रेडिट चढायचं. गल्ला जुळेना, तेव्हा दादाचा संशय माझ्यावर! कॉइन बॉक्सला आतून पत्रा लावून मी त्याला अर्थिंग केलं, तेव्हा कुठे लायटर थंड पडले. ही माझी पहिली दुरुस्ती.

पण खरा त्रास गिरणीचाच. मोटर सुरू झाली की पडद्यावरचं चित्र आकसायचं. गेमच्या सर्किट बोर्डाला पाच व्होल्ट लागतात. ते जरा खाली घसरले की मशीन रिसेट. शेवटच्या बॉसपर्यंत पोचलेलं पोर रडकुंडीला यायचं, आणि बाबा आतून, “दळण महत्त्वाचं की गेम?” पीठ तर जॉयस्टिकच्या स्विचमध्येही जाऊन बसायचं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे संध्याकाळी बसून मी वेगळा पॉवर सप्लाय बांधायला शिकलो. तिसऱ्या प्रयत्नात चित्र जागेवर थांबलं. आपल्या मुलाला शोधत आलेले एक दाताचे डॉक्टर ते बघत उभे राहिले. मुलाचा कान त्यांच्या हातातच होता. म्हणाले, “आमच्या खुर्चीचंही असंच होतं. बघाल का?” ही बाहेरची पहिली ऑर्डर.

२००४ मध्ये पडवी रिकामी केली. गेम घरोघरी आले होते. दोन मशिनं भंगारात गेली.

आज आम्ही नऊजण गिरण्या, दवाखाने आणि एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांसाठी स्टॅबिलायझर आणि पॉवर सप्लाय बनवतो. मीटर, चाचणीची यंत्रं सगळं आहे. तरी नवीन मॉडेल आधी मागच्या खोलीतल्या मुस्तफाला जोडतो आणि बाबांना हाक मारतो, “बाबा, मोटर टाका!” चित्र आकसलं, तर माल परत टेबलावर.