चौदा एप्रिलची कापलेली ओळ

आमच्या दैनिकात राशिभविष्याच्या खाली ‘दिनविशेष’ची चौकट असते. नऊ वर्षं ती माझ्याकडे आहे. डेस्कवर हे काम कुणालाच नको असतं. नवीन उपसंपादक आला की त्याच्या गळ्यात ते मारायचं, असा रिवाज आहे. मी मात्र ते सोडलं नाही.

बाहेरच्यांना वाटतं, तारीख शोधायची, चार नोंदी उचलायच्या, झालं. पण तारीख वाटते तितकी पक्की नसते. शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस एकाच दिवशी, २३ एप्रिल १६१६ ला गेले, असं छापायचा मोह दरवर्षी कुणाला तरी होतोच. स्पेनने तोवर ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं होतं, इंग्लंड अजून जुन्यावर होतं, दहा दिवस मागे. मग एकच दिवस कसा? त्याहून अवघड म्हणजे मध्यरात्र ओलांडणाऱ्या नोंदी. लिंकनवर गोळी झाडली गेली १४ एप्रिल १८६५ च्या रात्री, प्राण गेला १५ च्या सकाळी. टायटॅनिक हिमनगावर आदळलं १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी, ते बुडालं १५ ला पहाटे. आणि ते आदळलं तेव्हा आपल्याकडे १५ ची सकाळ झालेली होती. अशा नोंदींसाठी मी वेगळी वही ठेवली आहे, आणि तिचा मला अभिमान आहे.

चौदा एप्रिलचं पान तेराच्या संध्याकाळी लागतं. आंबेडकर जयंतीमुळे पेपर जाहिरातींनी भरलेला असतो. गेल्या वर्षी साडेसातला जाहिरात विभागाने आणखी एक आणली आणि माझी चौदा ओळींची चौकट सहा ओळींवर आली. बाबासाहेबांचा जन्म, महू, १८९१, ही पहिली नोंद, तिथे प्रश्नच नाही. उरलेल्या जागेत एकच बसत होती. पानाचे प्रमुख मागून म्हणाले, “टायटॅनिक ठेव, वाचकाला ओळखीचं आहे.” बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती सुटायची होती. मी १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाची ओळ निवडली आणि डिलीट केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी डेस्कवर फोन आला. म्हातारा, स्वच्छ आवाज. माझगावातून बोलतोय म्हणाले.

“ताई, गोदीची ओळ आज दिसली नाही. पान बदललं का?”

मी जागेचं कारण सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, “माझे वडील गोदीत हमाल होते. हनुमान जयंती होऊन आठवडा व्हायचा होता. मी पाच वर्षांचा. देह काही मिळाला नाही. तिथीला आम्ही घरी पान वाढतो, तारखेला तुमचा पेपर बघतो.”

मी म्हटलं, “आजोबा, चुकलंच आमचं.” त्यावर ते म्हणाले, “तसं तुमच्या ओळीत माझे वडील कधीच नव्हते. त्यात फक्त बंबवाले असतात. पण ओळ तरी होती.”

फोन ठेवल्यावर मी फाइल उघडली. नऊ वर्षं तीच ओळ मी पुढे ढकलत आले होते: ‘१९४४ : मुंबई गोदीत स्फोट, अग्निशमन दलाचे ६६ जण शहीद.’ माझ्या आधीच्यांनी लिहिलेली, बिनचूक. त्या ६६ जणांबद्दल कणभरही कमी बोलायचं नाही. अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणात १४ एप्रिलला सुरू होतो. पण त्या ओळीत गोदीतला कामगार नाही, लगतच्या वस्तीतला माणूस नाही.

फोर्ट स्टिकीन हे जहाज १२ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत लागलं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी, पिंपांतून तेल, आणि सोन्याच्या विटा. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात! स्फोटकं असलेल्या जहाजाने लाल बावटा लावायचा असतो, तोही नव्हता. चौदाच्या दुपारी धूर दिसला, बंब आले, पाणी मारत राहिले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. जळता कापूस वाऱ्यावर वस्त्यांवर पडला. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले, राडारोडा उपसायला सात महिने. उडालेली सोन्याची एक वीट कुठल्या घरात पडली याची हकिगत शहराने जपून ठेवली आहे. हमालांची नावं तशी कुणी जपली?

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. युद्धाचे दिवस, सेन्सॉर कडक. मुंबई हादरली, धूर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला, आणि इथल्या वर्तमानपत्रांना ती बातमी नीट छापायची परवानगी मिळायला मे महिना उजाडला. तेव्हा सरकारने ती थांबवली होती. या वेळी ती मी थांबवली, एका जाहिरातीसाठी.

संध्याकाळी मी शुद्धिपत्रकाचा विषय काढला. प्रमुख म्हणाले, “शुद्धिपत्रक चुकीसाठी असतं. वगळलं ही चूक कशी?” नियमाने त्यांचंच बरोबर होतं. आमच्या धंद्यात छापलेल्याचा जाब द्यावा लागतो. न छापलेल्याचा कुणी विचारत नाही, आणि मला हा नियम पटत नाही.

मग मी वही काढली. टायटॅनिक पंधरालाही चाललं असतं, किंबहुना पंधरालाच जास्त योग्य होतं. ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. तेराच्या संध्याकाळी ती वही दोन फुटांवर, खणात होती. घाईत मला आठवलंच नाही.

पंधराच्या चौकटीत मी पहिली नोंद घातली: ‘१९४४ : मुंबई गोदीतील स्फोटानंतरची आग दुसऱ्या दिवशीही धुमसत होती.’ कुणी हरकत घेतली नाही. आजोबांनी ती पाहिली का, माहीत नाही. नंबर मी लिहून घेतला नव्हता.

चौदा एप्रिलची मूळ ओळ त्यानंतर बऱ्याचदा लिहून पाहिली. अडतं ते आकड्यापाशी. मृतांचा आकडा कुठे आठशे आहे, कुठे तेराशे. सध्या फाइलमध्ये लाल अक्षरात असं आहे: ‘१९४४ : मुंबई गोदीत स्फोट. अग्निशमन दलाचे ६६ जण, तसेच गोदी कामगार व रहिवासी मिळून शेकडो मृत्युमुखी. ही नोंद कापू नये.’ पावणेतीन ओळी होतात. ‘शेकडो’ या शब्दाशी मी अजून अडलेली आहे.