बडोद्यात फ्लॅट घ्यायला गेलो, पासपोर्ट कॅनडाचा

जानेवारी 2025 मधे तीन आठवडे बडोद्याला जाऊन फ्लॅट घेऊन आलो. जन्म दांडिया बाजारातला, शाळा तिथलीच, पण पासपोर्ट आता कॅनडाचा आणि खिशात ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना भारत सरकार देतं ते), म्हणजे कायद्याच्या हिशेबानं मी परदेशी. मामाला हे काही केल्या पटेना, "अरे परदेशी कसला, सूरसागरच्या कठड्यावरून पडत होतास तेव्हा मीच धरलं होतं तुला."

पहिली चूक तारखांची, ती तुम्ही करू नका. 11 ला अहमदाबादला उतरलो, एक्सप्रेस-वेनं दोन तासांत घरी, 12 ला रविवार, 13 ला वकीलकाका जेमतेम अर्धा तास भेटले आणि मग 14-15 उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, आणि दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायण. वकील, ब्रोकर, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळे अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, फोन लावला की पलीकडून नुसता आरडाओरडा. मग आम्हीही चढलो, उंधियू-जलेबी झाली, आणि बायकोनं पहिल्याच पतंगाला मांज्यानं अंगठा कापून घेतला. हे लक्षात ठेवा, पुढे येणारे.

आता नियम. ओसीआय असाल तर राहतं घर, दुकान, ऑफिस घ्यायला रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही, किती घ्यायची याला मर्यादाही नाही. शेतजमीन, फार्महाऊस, मळ्याची जमीन मात्र विकत घेता येत नाही, वारशानं आली तर गोष्ट वेगळी. माझी बायको मूळची कॅनेडियन, तिचं ओसीआय काढलेलं नाही, तिला एकटीला काहीच घेता येत नाही, फक्त माझ्याबरोबर जॉइंट नावानं एकच घर, तेही लग्न रजिस्टर्ड आणि सलग दोन वर्षं झालेलं हवं. यात गंमत अशी की गुजरातमधे घर फक्त बाईच्या नावानं घेतलं तर 1 टक्का रजिस्ट्रेशन फी माफ, पण तिच्या एकटीच्या नावानं घेताच येत नाही म्हटल्यावर ती माफी आमच्या काय कामाची.

ब्रोकर पहिल्यांदा आम्हाला सेवासीच्या पुढे 'वीकेंड होम' दाखवायला घेऊन गेला, आंब्याची दहा झाडं, कुंपण, छोटा बंगला, बायको खूश. मी सातबारा मागितला तर म्हणतो "साहेब, बिनखेती थई जशे", बिनशेती होऊन जाईल, म्हणजे अजून शेतीच! काय ना, गुजरातमधे खातेदार शेतकरी नसलेल्याला शेतजमीन तशीही घेता येत नाही, माझ्या मामेभावाचा पासपोर्ट भारताचा आहे तरी त्यालाही नाही, मग आमचा प्रश्नच मिटला. 'होऊन जाईल' यावर एक रुपयासुद्धा टोकन देऊ नका.

मला मनातून घर जुन्या शहरात हवं होतं, आजीच्या गल्लीच्या जवळपास. पण वकीलकाकांनी सांगितलं की जुन्या बडोद्याच्या बऱ्याच भागाला अशांत धारो लागू आहे, अशांत म्हणून जाहीर केलेल्या भागांसाठीचा 1991 चा कायदा, तिथे विकायच्या आधी कलेक्टरची परवानगी लागते, ती तीन आठवड्यांत मिळेल या भरवशावर तिकीट काढू नका. सोडून दिलं. अजून थोडं लागून आहे मनाला.

मग गोत्रीला एक फ्लॅट आवडला, पण मालकीणबाई ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या. इथे नीट वाचा. विकणारा भारतात राहणारा असेल आणि किंमत 50 लाख किंवा वर, तर तुम्ही 1 टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या वतीनं टॅक्स, त्याच्या पैशातून कापून भरायचा, सोपं काम. विकणारा एनआरआय असेल तर आम्ही गेलो तेव्हाच्या दरानं साडेबारा टक्के आणि वर सरचार्ज-सेस, आणि त्यांनी आधी इन्कम टॅक्सकडून कमी कापायचं सर्टिफिकेट आणलं नसेल तर ते पूर्ण किमतीवर कापायची वेळ येते, शिवाय तुम्हाला टॅन, म्हणजे टॅक्स कापणाऱ्याचा नंबर, काढावा लागतो. चूक झाली तर वसुली घेणाऱ्याकडून. म्हणून फ्लॅट बघायच्या आधी 'मालक राहतात कुठे' हे विचारा.

शेवटी वासणा-भायली रोडला रिटायर्ड जोडप्याचा फ्लॅट 62 लाखांना ठरला. स्टॅम्प ड्युटी 4.9 टक्के म्हणजे 3,03,800 आणि रजिस्ट्रेशन 62,000. घर विकणारे काका आधी म्हणाले थोडं कॅश करू, जंत्रीच्या, म्हणजे सरकारी दराच्या हिशेबानं दस्तावेज करू. मी हात जोडले. आपल्याला पैसे बँकेतूनच द्यावे लागतात, बाहेरून आलेले किंवा एनआरई-एनआरओ, म्हणजे बाहेर राहणाऱ्यांसाठीच्या इथल्या बँक खात्यातले, डॉलरच्या नोटा चालत नाहीत, आणि घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणं त्यांनाही महागात पडतं. पैसे आल्याचा बँकेचा कागद जपून ठेवा, उद्या विकून पैसे परत न्यायचे तर बँक तोच मागणार. पॅन आधीच काढून ठेवा. आमचे पैसे यायला चार दिवस लागले, ते चार दिवस मी सेव-उसळ खाऊन काढले.

दस्तावेज गुजरातीत. मामानं मोठ्यानं वाचून दाखवला म्हणून बरं झालं, टायपिस्टनं सवयीनं बायकोच्या नावात मधे माझं नाव आणि शेवटी माझं आडनाव घातलेलं! तिच्या पासपोर्टवर माहेरचंच नाव आहे. पूर्ण पान पुन्हा टाइप. नावं पासपोर्टवर आहेत तशीच, अक्षर न् अक्षर, स्टॅम्प घ्यायच्या आधी तपासा. येणं जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र पाठवता येतं, कॅनडात 2024 पासून अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, मिळतं, पण इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला स्टॅम्प भरून घ्यायचा.

22 तारखेला सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात आमचा नंबर लागला. आधार नाही म्हटल्यावर ऑपरेटरबेननी पासपोर्ट उलटसुलट करून बघितला, फोटो काढला, माझा अंगठा लागला. बायकोचा काही लागेना, एकदा, दोनदा, तीनदा. बेननी तिचा हात स्वतःच्या हातात घेतला, अंगठ्यावरची आडवी खपली बघितली आणि हसून विचारलं, "उत्तरायण?" बायकोला तेवढा शब्द कळला. मग दुसरं बोट घेतलं.